पुडीतला कोंडिबा

“फाडला! माझा नवरा फाडला ह्या मेल्यानं! पावशेर शेंगदाण्यापायी माझा नवरा फाडला!”

भर बाजारात ही आरोळी उठली तेव्हा मी एका आरतीसंग्रहाच्या पाठीला टोचा मारत बसलो होतो. टोचा आरतीतून निघाला तो थेट माझ्या अंगठ्यात घुसला. आरोळीच तशी होती. तीन मैलांवरच्या स्टेशनातून सुटलेली मालगाडी म्हणे ती ऐकून जागच्या जागी थांबली. मला खुद्द त्या गाडीच्या गार्डानं सांगितलं. गार्ड पुढे वारला, तेव्हा खात्री करायला कोणी जाऊ नये.

मी अंगठा तोंडात घालून धावलो. रतनशेठच्या किराणा दुकानापुढे हीऽ गर्दी. मध्यभागी ठकूबाई. तिच्या एका हातात रतनशेठच्या सदऱ्याची कॉलर, दुसऱ्या हातात कागदाची पुडी. खाली शेंगदाणे सांडलेले, आणि एक शेळी, माणसांच्या भांडणाशी आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं ते वेचत होती. तेवढ्यात पाटील काठी आपटत आले. गावात खून झाल्याची वर्दी त्यांना पोहोचली होती.

“कुठं हाय मयत?”

“ही काय!” ठकूबाईनं पुडी त्यांच्या नाकासमोर धरली.

पाटलांनी वाकून पुडीत पाहिलं. आत एक शेंगदाणा होता.

आता मयत कोण ते सांगतो. ठकूबाईचा नवरा कोंडिबा हा पाटकरी. पाटकरी म्हणजे पाटाची दारं उघडून ज्याच्या त्याच्या पाळीप्रमाणे शेतात पाणी सोडणारा माणूस. वर्षभरापूर्वी तो वारला होता. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं, पण कोणा जुन्या कारकुनानं पाटाच्या कडेला बसवून त्याला वाळूत अक्षरं शिकवली. अक्षर आलं त्या दिवसापासून मरणाच्या आदल्या दिवसापर्यंत, बावीस वर्षं, हा गडी रोज एक पान लिहीत राहिला. रद्द झालेले पाणीमागणीचे छापील फॉर्म घ्यायचे, अर्धे फाडायचे आणि मागच्या कोऱ्या बाजूवर जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं लिहायचं. ती पेन्सिल ओली केल्याशिवाय नीट उठत नाही, म्हणून कोंडिबा ती जिभेवर फिरवायचा. बावीस वर्षं त्याची जीभ जांभळी होती. गावात नवा डॉक्टर आला की आधी कोंडिबाला बघून घाबरायचा.

वर्षाला एक गठ्ठा, असे बावीस गठ्ठे घरात होते. ठकूबाई भाचीच्या बाळंतपणाला दोन महिने सोनईला गेली, आणि मागे दिरानं घर साफ करायचं पुण्य केलं. सगळे गठ्ठे रतनशेठला देऊन टाकले. जर्मनची लढाई चालू होती, कागद सोन्याच्या भावानं जात होता, रतनशेठनं आनंदानं ठेवून घेतले. ठकूबाई परत आली, बाजाराला गेली, शेंगदाणे मागितले, आणि पुडीवर जांभळी अक्षरं! तिला वाचता येत नव्हतं. पण नवऱ्याच्या जिभेचा रंग बाईला ओळखता येतो.

संपादकसाहेब म्हणाले, “बाबूभाई, दिवाळी अंकाला धंद्यातले अनुभव लिहा, पण फेकू नका.” मी म्हणालो, अनुभव पाहिजे असेल तर लिहितो, नुसतं खरं पाहिजे असेल तर पंचांग छापा. तर थोडं धंद्याबद्दल.

मी बाइंडर. आमच्या घराण्यात जिल्दसाजी तीन पिढ्यांची, मूळ नगर शहरातली. मी श्रीरामपूरला बाजारपेठेत दुकान टाकलं आणि आठवड्याच्या बाजारांना सायकलीवर शिकंजा बांधून गावोगाव जायचो. शिकंजा म्हणजे वही दाबून धरायचं लाकडी यंत्र. वजन इतकं की माझ्या सायकलीनं दोनदा राजीनामा दिला. माझ्याकडे कुराणशरीफ यायचं, पोथ्या यायच्या, ख्रिस्ती मंडळींची गीतांची पुस्तकं यायची. धर्माच्या कुठल्याही पुस्तकाला मी सरस लावत नसे, कारण सरस जनावराच्या हाडाकातड्याचा. तिथं फक्त पिठाची खळ, आणि खळीत चिमूटभर मोरचूद. मोरचूद विषारी, त्यामुळे कसर पुस्तकाच्या वाटेला जात नाही. शेठलोकांच्या वह्यांना मात्र सरस. तिथं विटाळ होण्यासारखं काही नसे.

आणि गिऱ्हाइकं! एका मास्तरांनी आपली रोजनिशी आणली आणि म्हणाले, “बाबूभाई, चारी बाजूंनी शिवा.” मी म्हणालो, मास्तर, मग उघडणार कशी? ते म्हणाले, “उघडू नये म्हणूनच शिवायची. घरी मंडळी आता वाचायला शिकल्यात.” शिवून दिली. आठ दिवसांनी त्यांच्या मंडळी ती घेऊन आल्या, “उसवून द्या.” उसवून दिली. महिन्यानं दोघंही आले. मास्तरांच्या कपाळाला पट्टी होती. यावेळी नेहमीसारखी, एका बाजूनं शिवली.

आता एक गोष्ट सांगायची ती मान खाली घालून. वहीचा पुठ्ठा कसा करतात ठाऊक आहे? विकत मिळे, पण लढाईत मिळेना. मग आम्ही काय करायचो, रद्दी कागद एकावर एक खळीनं चिकटवायचे, दाबायचे, वाळवायचे. पंधरा-वीस कागदांचा एक झकास पुठ्ठा. रद्दी कसली? जुनी पत्रं, रोजनिश्या, कोणाच्या तरी आयुष्याची टिपणं. वाचायचो नाही, खळ फासायचो. त्या वर्षांतली माझ्या हातची कुठलीही वही भिजवा, पुठ्ठ्यातून कोणी ना कोणी बाहेर येईल. ठकूबाईनं रतनशेठची कॉलर धरली तेव्हा मीही गर्दीत उभा राहून “लाज वाटत नाही का शेठ!” म्हणून ओरडलो होतो. सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडलो होतो. हे लक्षात ठेवा.

रतनशेठ कॉलर सोडवत म्हणाला, “अगं बाई, एकवीस गठ्ठे तसेच पडलेत. एकच फोडलाय. सगळे घेऊन जा, पण माझा गळा सोड.”

“फोडला त्यो कंचा?”

मी पुडी सोडवून वाचली. “शनिवार. वारा नाही. शेळी पाटात पडली. काढली. शेळीनं काही उपकार मानले नाहीत. भाकरी-ठेचा. मीठ जास्त.”

ठकूबाई मटकन खालीच बसली. “त्येच वरीस! बावीस हुते, त्यातलं नेमकं त्येच फोडलं.”

मग हळूहळू हकीकत निघाली. कोंडिबाचं लिहिणं असं: वार, वारा, कोणी पाणी घेतलं, कोणी चोरलं, काय जेवलो, आणि शेवटी मीठ. मीठ जास्त किंवा मीठ कमी. तिसरं काही नाही. त्या शेळीच्या वर्षी पाटावर साहेब आला होता. त्यानं एक पान उचलून मोठ्यानं वाचलं आणि सगळे मजूर हसले. ठकूबाई तिथं भाकरी घेऊन आली होती.

“सरकारी कागदावर माझ्या मिठाची बदनामी!” ती मला सांगत होती, आणि वीस वर्षांपूर्वीचा राग अजून कढत होता. “त्याच पावली सोनईला म्हायेरी गेले. एकवीस दिस ऱ्हायले. ह्यो काय न्यायला आला न्हाई. मग पोळ्याच्या दुसऱ्या दिशी मीच आले. दारात हुता. मला बघितलं, हूं न्हाई का चूं न्हाई. तोंडानं त्यो कदी बोललाच न्हाई, भाई. पर लिवलं असंल ना? त्या दिशी लिवलं असंल. मरायच्या आदी ईचारलं, तर म्हनला, वहीत हाय.”

“मग वाचून घ्यायचं नाही का कोणाकडून?”

“म्हनलं घेऊ कदीतरी. घरातच तर हाय, कुठं पळतंय!”

माझं तोंड माझ्या ताब्यात कधीच नव्हतं. मी तिथल्या तिथं गर्दीकडे वळून जाहीर करून टाकलं, “ऐका हो! कोंडिबाचं एक पान आणून देईल त्याच्या पोराचं एक शाळेचं पुस्तक फुकट बांधून देईन!”

दुसऱ्या बाजाराला मी शिकंजा मांडला तर पुढे रांग. हळदीचं पान, मिरीचं पान, गुळाची चिकटलेली पानं. एका बाईनं चुलीतून अर्धं जळालेलं काढून आणलं. कोणी भिंतीच्या भोकात बोळा करून घातलेलं आणलं आणि सोबत त्या भोकातला विंचूही आणला, म्हणाला, ह्याचं एक जादा पुस्तक बांधा. ठकूबाई माझ्या शेजारी बसायची, मी एकेक पान मोठ्यानं वाचायचो, ती मान हलवायची, मग मी ते पान वहीत शिवण्यासाठी क्रमानं लावायचो.

मोठ्यानं वाचलं, हे चुकलं.

“सोमवार. वारा पश्चिमेचा. तिसऱ्या दारावर पाटलांनी पाणी फोडलं. मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. पिठलं. मीठ कमी.”

गर्दीतल्या बायका पदरात तोंड घालून खिदळल्या. पुढच्या बाजाराला रांग दुप्पट, आणि ऐकणाऱ्यांची गर्दी चौपट. मग मला उमगलं. कोणीही स्वतःचं पान आणत नव्हता. ज्याच्या घरी आपल्या चोरीचं पान गेलं होतं त्यानं ते शेळीला घातलं होतं. पण शेजाऱ्याच्या चोरीचं पान मात्र प्रत्येकानं उंदीर-वाळवीपासून जपून, घडी घालून, हसत हसत आणून दिलं. अख्ख्या गावानं एकमेकांची पानं आणली. एवढी एकी त्या गावात आधी नाही, नंतर नाही.

तिसऱ्या बाजारापासून हवा पालटली. फोडलेल्या गठ्ठ्यातली उरलेली पानं रतनशेठनं परत दिली होती, आणि म्हणत होता, पुड्यांत गेली असतील दीडशेएक पानं. मी मोजली तर दोनशेच्या वर झाली आणि रांग संपेना! वाचतो तर, “बुधवार. रतनशेठच्या दुकानातला गूळ उत्तम. वजन पुरेपूर. मीठही तिथूनच घ्यावे.” हे कोंडिबाचं? दुसरं, “आज पाटलांनी पाणी चोरलं नाही. उद्याही चोरणार नाहीत. पाटील फार उदार मनाचे. वारा त्यांच्या बाजूचा. बासुंदी.”

“बासुंदी?” ठकूबाई ताडकन म्हणाली. “माझ्या घरात? आमची एक शेळी, तीबी भाकड! खोटं हाय, काडा ते.”

म्हणजे असं, की ज्याची फजिती झाली तो घरी जाऊन स्वतःच कोंडिबा बनत होता. सुरुवातीच्या खोट्या पानांना शाई निळी आणि कागद शाळेच्या वहीचा. पण माणूस शिकतो. श्रीरामपुरात कॉपिंग पेन्सिली संपल्या. त्या बाजाराला गावातल्या निम्म्या पुरुषांच्या जिभा जांभळ्या होत्या, आणि डॉक्टरानं साथ आली म्हणून वर कळवायला घेतलं होतं. फॉर्मही कुठून कुठून पैदा झाले. मी तीन पिढ्यांचा कागदातला माणूस, पण मलाही खरं-खोटं कळेना.

ठकूबाईला कळायचं. वाचता न येणारी बाई, पण मी शेवटचे दोन शब्द वाचले की तिचा निकाल ठरलेला.

“मेथी? चैतात मेथी कुटली? खोटं.”

“वांग्याचं भरीत, मीठ जास्त. हां, खरं. त्या दिशी हात चळला हुता.”

“मीठ बेताचं? खोटं, खोटं! कोन त्यो लिवनारा? बावीस वरसात माझं मीठ एकदा नीट झाल्यालं न्हाई. कागदावर तर न्हाईच.”

असं तासून तासून एकशे अडतीस पानं खरी निघाली. त्यात तिच्या माहेरपणाचे एकवीस दिवसही सापडले. ते वाचताना मात्र मी गर्दी हटवली. “रविवार. घरी कोणी नाही. भाकरी मीच केली. करपली.” “सोमवार. भाकरी मीच. कच्ची.” “मंगळवार. कांदा. मिठाचा डबा सापडत नाही.” “बुधवार. मिठाचा डबा सापडत नाही.” “गुरुवार. मिठाचा डबा अजून नाही.” तिची आठवण आली, करमत नाही, असा शब्द कुठं नाही. नुसता डबा.

“कुठं होता हो डबा?” मी विचारलं.

“मी संगं नेला हुता,” ठकूबाई म्हणाली. “रागानं. म्हनलं, बस आता अळनी खात.”

एकविसावं पान पोळ्याचं होतं. “पोळा. बैल सजले. माझ्याकडे बैल नाही. डबा नाही.” त्यानंतर तीन-चार पानांचं खिंडार. तिच्या परतीचं पान नव्हतं.

आणखी दोन बाजार गेले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची म्हणून सात पानं आली, सातही खोटी. एकात तर कोंडिबा हमसून रडत होता. ठकूबाई ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, “चांगलं लिवलंय. पर त्यो न्हवं.” मग मला म्हणाली, “ऱ्हाऊ द्या आता, भाई. घातलं असंल कुन्या शेळीला.”

खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यात मी नगरहून एक कॉपिंग पेन्सिल मागवून घेतली. कोंडिबाचं अक्षर आता मला माझ्या अक्षरापेक्षा बरं यायचं, आणि तिच्या स्वयंपाकातली चूकही मी केली नसती. पेन्सिल जिभेला लावली. चव अशी कडू की थुंकलो आणि फेकून दिली. मला प्रामाणिकपणानं वाचवलं असं म्हणत नाही. चवीनं वाचवलं.

आणि त्याच आठवड्यात पाटील माझ्या दुकानात आले. बगलेत त्यांच्या वंशावळीची वही. ही वही दोन महिन्यांपूर्वी मीच बांधली होती. तांबडं कापड, पाठीवर जाड पट्टी. आत पाटलांचे पूर्वज लढायांत उड्या घेत होते. त्यातल्या निम्म्या उड्या पाटलांनी आधी मला तोंडी सांगितल्या होत्या, मग पुतण्याकडून लिहवून घेतल्या होत्या.

“भाई, त्यो डाग वाढाया लागलाय,” पाटील म्हणाले. त्यांनी वही उघडून पुठ्ठ्याची आतली बाजू दाखवली. पांढऱ्या अस्तरावर जांभळा डाग फुटला होता. पहिल्यांदा तो एवढासा दिसला तेव्हा मीच त्यांना ठोकून दिलं होतं की पाटील, राजघराण्याच्या वहीला जांभळा येतोच, रक्ताचा गुण असतो. पाटील खूश होऊन चार गावांत तो डाग दाखवत हिंडले होते.

आता मी त्या डागाला ओलं बोट लावलं, तर बोट जांभळं झालं. पाणी लागलं की पसरते ती कॉपिंग पेन्सिल! दोन महिन्यांपूर्वी रतनशेठनं मला रद्दीची एक चळत दिली होती. पुडी होत नाही अशी फाटकी, तेलकट पानं. त्यांचा मी पुठ्ठा केला होता. न वाचता. बाजारात “लाज वाटत नाही का” म्हणून ओरडलेला मी, माझ्याच हातानं कोंडिबाला खळ फासून पाटलांच्या पूर्वजांखाली दाबून बसलो होतो.

“पाटील,” मी म्हणालो, “हा पुठ्ठा उकलावा लागेल.”

कारण ऐकल्यावर पाटलांनी जो आवाज काढला त्यापुढे ठकूबाईची आरोळी म्हणजे कुजबुज. “त्या पाटकऱ्याच्या पिठल्यापायी माझ्या पूर्वजांना पान्यात घालू?”

“पाण्यात नाही. पाण्यात घातलं तर जांभळा रंग सगळाच विरघळेल. वाफेवर. पूर्वज बाजूला काढून ठेवू, नुसता पुठ्ठा वाफवू. नवा पुठ्ठा बांधून देतो, सोनेरी नाव घालून.”

“आन् रक्ताचा गुन?”

“तो नव्या पुठ्ठ्यालाही आणून देईन.”

पाटील विचारात पडले. मग हळूच म्हणाले, “एक अट हाय. माझी चार पानं तुमी खोटी म्हनून बाजूला टाकलीत. ती कोंडिबाच्या वहीत शिवा.”

आला की नाही पेच? एका खऱ्या पानासाठी चार खोटी. मी ठकूबाईला निरोप धाडला. तिचं उत्तर आलं, “शिवा म्हनावं. त्यानं पानी चोरलं न्हाई ह्ये वाचून हसाया तरी यील.”

शिवली. वचन पाळलं, शेवटी लावली, मजबूत शिवली. फक्त त्या चार पानांच्या पाठीला लावलेल्या खळीत मोरचूद घालायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. वय होतं माझं तेव्हा बत्तीस, विसरायला होतं माणसाला. पुढे पाच वर्षांनी मी ती वही उघडली तर कोंडिबाची सगळी पानं जशीच्या तशी, आणि पाटलांच्या औदार्याची कसरीनं अशी जाळी केली होती की तिच्यातून चहा गाळता आला असता.

पुठ्ठा उकलायचं काम पाटलांच्या ओट्यावर झालं, भर दुपारी. पाटलीणबाईंनी मोदकांचं पातेलं काढून दिलं. वर चाळण, चाळणीवर ओलं फडकं, फडक्यात पुठ्ठा. पाटील हात मागे बांधून फेऱ्या मारत होते. ठकूबाई एका कोपऱ्यात, पदर डोक्यावर ओढून. मी मात्र घामानं न्हालो होतो, कारण वाफ कमी पडली तर कागद फाटणार आणि जास्त झाली तर अक्षर पुसणार.

इथं माझ्या एका लबाडीनं हात दिला. पाटलांच्या वहीला मैद्याची खळ लावली असं मी त्यांना शपथेवर सांगितलं होतं. रेशनात मैदा होता कुठं? मी ज्वारीचं पीठ शिजवून लावलं होतं. ज्वारीची खळ म्हणजे नावाला चिकट. मैदा असता तर कोंडिबा जन्मात सुटला नसता. थर असे सुटत गेले जशी तव्यावरून भाकरी. वरून कुठल्या तरी शाळेचा भूगोल निघाला, मग एक लग्नपत्रिका, मग कोणाचं तरी “चिरंजीवास अनेक आशीर्वाद” म्हणणारं पत्र, ते मी बाजूला ठेवलं, अजूनही माझ्याकडे आहे. आणि मग जांभळं.

चार पानं एकमेकांना बिलगलेली. पहिलं पुसलेलं. दुसरं पाळीच्या हिशेबाचं. तिसऱ्याच्या डोक्यावर अक्षरं पसरलेली, पण लागत होती. “पोळ्याचा दुसरा दिवस.”

मी पान उजेडाकडे धरलं. ठकूबाईनं मान वर केली नाही.

“वाचा की,” पाटील म्हणाले. त्यांचाही आवाज खाली आला होता.

मी वाचलं. “वारा नाही. पाचव्या दाराला गळती. चिखल लावला. ठकू आली. पिठलं-भाकरी. मीठ बरोबर.”

मी पान उलटून पाहिलं. मागे छापील फॉर्म. एवढंच होतं.

“हात्तिच्या!” पाटील म्हणाले. “येवढ्यापायी माझा पुठ्ठा उकडला?”

मी ठकूबाईकडे बघितलं. बावीस वर्षांत कागदावर न आलेले दोन शब्द होते ते, आणि तिच्याच नियमानं बघायचं तर पान खोटं ठरत होतं. पण माझ्या हातचा पुठ्ठा, माझी खळ, दोन महिने पाटलांच्या कपाटात बंद. खोटं घालायला आत कोण शिरणार? मी म्हणालो, “मावशी, हे लावायचं का काढायचं?”

ती उठली, पान हातात घेतलं, जांभळ्या डागावरून बोट फिरवलं.

“लावा,” ती म्हणाली. “डबा सोनईलाच ऱ्हायला हुता. त्या दिशी पिठल्यात मीठच न्हवतं.”